सगळं काही नॉर्मल

लेखकाचा स्वभाव ओळखायचा असेल तर त्याचं लेखन वाचण्याच्या भानगडीत पडू नये. त्याची वर्डची फाइल उघडावी आणि कंट्रोल, शिफ्ट आणि आठचा आकडा ही तीन बटणं एकदम दाबावीत. पडद्यामागचं सगळं पडद्यावर येतं. जिथे स्पेसबार दाबला तिथे ठिपका, जिथे टॅब दाबला तिथे बाण, जिथे एंटर मारला तिथे उलट्या तोंडाच्या इंग्रजी पीसारखी एक खूण. समीक्षकांनी ज्याला 'अल्पाक्षरी' म्हणून गौरवलेलं असतं, त्या कवीने कवितेचं नाव पानाच्या मध्यावर आणायला तीस-पस्तीस ठिपके उधळलेले दिसतात. 'जे आहे ते स्वीकारा' असं सांगणारे चिंतक पुढचं प्रकरण पुढच्या पानावर ढकलण्यासाठी अर्धं पान एंटर मारत बसलेले असतात.

ती उलटी पी दिसली की बहुतेक लेखकांना आपल्या फाइलला व्हायरस लागल्यासारखं वाटतं आणि ते घाईघाईने तिला परत लपवतात. वास्तविक वर्डमध्ये परिच्छेदाचा सगळा स्वभाव त्या खुणेत साठवलेला असतो. समास किती, ओळींमधलं अंतर किती, पहिली ओळ आत की सरळ, मजकूर डावीकडे टेकलेला की दोन्ही बाजूंनी ताणलेला, सगळं तिच्या पोटात. म्हणूनच दोन परिच्छेद जोडायला कुणी मधली खूण पुसतो, तेव्हा दोघांपैकी एकाचा स्वभाव दुसऱ्याला पत्करावा लागतो. कुणी कुणाचा पत्करायचा, हे वर्ड परस्पर ठरवून टाकतं. लेखकाला ते नंतर, प्रूफ हातात आल्यावर कळतं.

या फाइलींची जत्रा पाहायची तर ऑगस्ट-सप्टेंबरात पुण्याच्या अप्पा बळवंत चौकाच्या आसपास, दिवाळी अंकांचं डीटीपी करणाऱ्यांकडे जावं. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि ही परंपरा सुरू झाली, तेव्हा लेखकाकडून अपेक्षा माफक होती : कागदाच्या एकाच बाजूला, सुवाच्य अक्षरात. पुढचं सगळं खिळे जुळवणारे पाहून घेत. लेखकाने शीर्षकाखाली कितीही रेघा मारल्या तरी संपादक समासात '१२ पॉइंट ब्लॅक' लिहायचा आणि तेवढंच छापलं जायचं. रेघा कागदावरच राहायच्या. आता त्या रेघा फाइलीतून थेट ऑपरेटरच्या घरी येतात.

माझ्या ओळखीच्या एक ताई हे काम वर्षानुवर्षं करतात. त्यांच्या भाषेत कथा, कविता, वैचारिक लेख, राशिभविष्य या सगळ्याला 'मॅटर' म्हणतात, आणि मॅटरमध्ये त्यांना दोनच प्रकार ठाऊक आहेत : स्वच्छ आणि घाण. साहित्य अकादमीचा मॅटरही घाण असू शकतो आणि किराणा दुकानदाराच्या भाच्याचा स्वच्छ. इतकी निखळ समीक्षा मराठीत दुसरीकडे होत नाही.

ताईंच्या मते मराठी लेखकांचे चार पंथ आहेत. पहिला स्पेसबारवाल्यांचा. ही मंडळी बहुधा टाइपरायटरवर 'मराठी थर्टी, इंग्लिश फॉर्टी' करून आलेली. तिथे शीर्षक मध्यावर आणायचं म्हणजे अक्षरं मोजायची, ओळीतून वजा करायची, निम्मं करायचं आणि तितक्या वेळा दांडा दाबायचा. ती खरोखरच एक विद्या होती, कारण यंत्राच्या गाड्याला प्रत्येक अक्षरागणिक सारखंच सरकावं लागायचं. वर्डमध्ये 'णी'ला एक जागा लागते आणि 'र'ला दुसरी. त्यामुळे घरच्या पडद्यावर नेमकं मध्यावर बसवलेलं शीर्षक फॉन्ट बदलताच डावीकडे तरी झुकतं, नाहीतर उजवीकडे तरी. राजकीय लेख असला तर गैरसमज होतात.

दुसरा पंथ एंटरवाल्यांचा. नवीन प्रकरण नव्या पानावर सुरू व्हावं ही इच्छा रास्तच आहे. ती पुरी करायला वर्डमध्ये 'पेज ब्रेक' नावाची सोय आहे, आणि शीर्षकाच्या शैलीतच, म्हणजे वर्डच्या 'स्टाइल'मध्येच, 'पेज ब्रेक बिफोर'वर खूण केली की सोय विसरण्याचीही सोय आहे. पण एंटर हाताशी असताना इतक्या लांब कोण जातो? दे दणादण एंटर, आणि प्रकरण पुढच्या पानावर. मग लेखकाला आठवतं की पहिल्या प्रकरणात आपण मोठ्या वहिनींचे आभार मानले नाहीत. तो तिथे सहा ओळी घालतो. त्या क्षणी पुस्तकातली सगळी प्रकरणं सहा ओळी खाली घसरतात आणि प्रत्येक प्रकरण पानाच्या वरच्या भागात गूढ मोकळी जागा सोडून सुरू होतं. एका परीक्षणात या रिकाम्या जागांना 'आशयगर्भ मौन' म्हटलेलं मी वाचलं आहे.

तिसरा पंथ टॅबवाल्यांचा. यात नाटककार फार. पात्राचं नाव, टॅब, संवाद. 'नटी'ला तीन टॅब लागतात, 'सूत्रधार'ला दोन, आणि 'बाळासाहेबांचे व्याही'ला एकही लागत नाही, कारण तोवर ओळच संपलेली असते. संवादाची दुसरी ओळ पहिलीच्या खाली नीट यावी म्हणून नाटककार ओळीच्या शेवटी एंटर मारतो आणि पुन्हा तीन टॅब देतो. वर्डच्या दृष्टीने मग ती एका वाक्याची दोन वाक्यं नव्हे, दोन स्वतंत्र परिच्छेद होतात. पानाचा आकार डेमीचा झाला की नटी 'नाथ, आज कोणता बरं' म्हणून थांबते आणि 'प्रयोग करायचा?' हे शब्द पुढच्या ओळीत मधोमध तरंगत राहतात.

चौथा पंथ ब्रशवाल्यांचा, आणि तो सर्वांत उत्साही. फॉरमॅट पेंटर नावाचा ब्रश एकदा दाबला तर एकदाच रंगवतो, पण त्यावर डबल क्लिक केलं की हातात चिकटून राहतो, हा शोध ज्याला लागला तो मग थांबत नाही. आवडलेलं वाक्य जाड. फार आवडलेलं जाड आणि तिरपं. स्वतःलाच धक्का बसलेलं जाड, तिरपं, अधोरेखित आणि लाल.

या चारही पंथांच्या फाइलीत एक गोष्ट मात्र समान असते. कुठेही कर्सर ठेवा, पुस्तकाच्या नावावर, अर्पणपत्रिकेवर, अभंगावर, तळटीपेवर. वरच्या शैलीच्या चौकटीत एकच शब्द येतो : नॉर्मल. शीर्षक सोळा पॉइंटांचं, जाड, लाल, मध्यावर, तरी वर्डच्या लेखी ते साधाच परिच्छेद. त्याने फक्त भपकेदार कपडे घातलेत. म्हणून अनुक्रमणिका आपोआप करायला सांगितली की वर्ड प्रामाणिकपणे कळवतं की या पुस्तकात एकही शीर्षक सापडलं नाही. लेखक फोन करतात, "अहो, डोळे फुटले का तुमच्या कॉम्प्युटरचे? एवढं लाल दिसतंय!"

नॉर्मल हा वर्डच्या एकत्र कुटुंबातला कर्ता पुरुष आहे. मजकुराच्या बहुतेक शैली त्याच्यावरच 'बेस्ड' असतात, आणि त्याने धोतर सोडून पँट घातली तर ज्यांनी स्वतःचं वेगळं काही ठरवलेलं नाही त्या सगळ्यांना पँट घालावी लागते. कुणी उत्साहाने नॉर्मल मध्यावर आणला की पानांचे क्रमांक, तळटिपा, अवतरणं सगळी मध्यावर गोळा होतात. नेमकं काय बिघडलं ते कुणालाच सांगता येत नाही, कारण ज्याला हात लावला तो तर नॉर्मल.

एकट्या लेखकाला दोष देणं बरोबर नाही. वर्ड स्वतःही काही कमी नाही. २००७च्या आवृत्तीने प्रत्येक परिच्छेदाखाली १० पॉइंट जागा सोडायची आणि ओळींमध्ये १.१५ पट अंतर ठेवायचं असं परस्पर ठरवून टाकलं. २०१३ साली विचार बदलला : मग ८ पॉइंट आणि १.०८ पट. हे ०८ कुठल्या बैठकीत ठरलं असेल याची कल्पना करत ताईंनी कित्येक चहा संपवले आहेत. जुन्या सवयीने दोनदा एंटर मारणाऱ्या लेखकाच्या परिच्छेदांमध्ये मग एवढी दरी पडते की मधून एखादी जाहिरात जावी. दिवाळी अंकात वीस लेखक वीस आवृत्त्यांतून आले की प्रत्येकाचा श्वास वेगळ्या अंतराने पडतो.

त्यात 'ऑटोमॅटिकली अपडेट' नावाची एक चौकट आहे. तिच्यात खूण पडली, की त्या शैलीतला एक परिच्छेद तिरपा केला तर त्या शैलीतले सगळेच तिरपे होतात. आजोबांचं एक पत्र तिरप्या अक्षरात द्यावं म्हणून लेखक एवढंसं काहीतरी करतो आणि अडीचशे पानांचं आत्मचरित्र एका बाजूला कलतं. आणखी एक गंमत. दोन प्रसंगांमध्ये खूण म्हणून तीन आडव्या रेघा टाइप करून एंटर मारावा, तर पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक ओळ उमटते. ती निवडता येत नाही, पुसता येत नाही, डिलीट दाबून दाबून बोट दुखतं. ती ओळ नसतेच, वरच्या परिच्छेदाची ती किनार असते, आणि किनारीच्या यादीत जाऊन 'नो बॉर्डर' म्हटल्याशिवाय हलत नाही. एका कथालेखकाने अखेर तिच्याशी तडजोड करून तिच्याखाली 'काळाची रेषा' असं उपशीर्षक दिलं होतं.

मराठी मजकुराचं आणखी एक दुखणं आहे. वर्डच्या फॉन्टच्या खिडकीत दोन खण असतात : एक लॅटिन लिपीसाठी, दुसरा 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट'साठी. जोडाक्षरं, वेलांट्या, रफार यांमुळे आपली देवनागरी दुसऱ्या खणात मोडते. शैलीत शीर्षकाचा आकार वाढवताना लॅटिनच्या खणात १८ लिहिलं आणि कॉम्प्लेक्सचा खण विसरला, तर 'माझी नोकरी' हे शब्द होते तेवढेच राहतात आणि त्यापुढे इंग्रजी आकड्यांत टाइप केलेलं वर्ष तेवढं टम्म फुगतं. लेखकाला वाटतं ऑपरेटरचा आपल्या नोकरीविषयी आकस आहे.

आणि या सगळ्याच्या वर, युनिकोडपूर्व काळातला मॅटर. त्या काळच्या फॉन्टांत मराठी अक्षरांची चित्रं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असत. म्हणजे फाइलीत मुळात रोमन अक्षरं, कंस, डॉलर आणि टक्क्याची चिन्हं. मराठी होती ती निव्वळ फॉन्टच्या कृपेने. विंडोज २०००बरोबर मंगल फॉन्ट आला, आणि कुणीतरी अशा जुन्या फाइलीत कंट्रोल-ए करून सगळ्याला मंगल देतो. सगळंच अमंगल होतं. आख्खी कादंबरी एका फटक्यात कंस आणि डॉलरमध्ये जाते. बदलून देणारे कन्व्हर्टर आहेत, पण त्यांनाही मराठी कुठलं आणि इंग्रजी कुठलं हे फॉन्टवरूनच कळतं. ती ओळख एकदा पुसली की ते बिचारे सगळंच मराठी समजून 'बँक ऑफ महाराष्ट्र'च्या इंग्रजी नावाचंही भाषांतर नव्हे, भस्म करतात.

ताईंचा उपाय ठरलेला आहे. आधी सौम्य औषध : कंट्रोल-क्यू. यामुळे परिच्छेदाला हाताने चढवलेली सजावट उतरते आणि तो आपल्या शैलीच्या मूळ रूपात येतो. अक्षरांच्या सजावटीसाठी कंट्रोल-स्पेस. मग शोधा आणि बदला : दोन परिच्छेदखुणा शोधायच्या, जागी एक घालायची, आणि वर्ड 'एकही सापडली नाही' म्हणेपर्यंत पुन्हा पुन्हा. एंटरवाल्या लेखकाच्या फाइलीत पहिल्याच फेरीचा आकडा पाहिला की ताई चष्मा काढून पुसतात. एवढ्याने भागलं नाही तर शेवटचा उपाय : सगळा मॅटर उचलून नोटपॅडमध्ये टाकायचा. जुन्या नोटपॅडला जाड, तिरपं, लाल, मोठं काही समजत नाही. तिथे सगळे समान. ज्ञानपीठविजेताही आणि मीही.

पण या साफसफाईत निरपराध्यांचाही बळी जातो. मुद्दाम सोडलेल्या मोकळ्या ओळी जातात आणि सात कडव्यांची कविता एका दमात म्हणायची होते. तिरप्या ठशातली ग्रंथांची नावं सरळ होतात. 'अदृश्य कचरा' म्हणून शून्य रुंदीची जोडणारी चिन्हं काढून टाकली, तर काही फाइलींत 'ऱ्या'चा अर्धा र जातो, कारण तिथे तो त्या न दिसणाऱ्या चिन्हाच्याच आधाराने उभा असतो. 'दुसऱ्याच्या बायका' हा लेख मग 'दुसर्याच्या बायका' म्हणून छापून येतो. लेखाचा विषय फार कुणाच्या लक्षात राहत नाही, पण व्याकरणप्रेमींची पत्रं मात्र पुढच्या दिवाळीपर्यंत येत राहतात.

त्यानंतरचा फोन ऐकण्यासारखा असतो.

"ताई, माझी जाड वाक्यं कुठं गेली?"

"काका, तुमचं सगळंच जाड होतं."

"महत्त्वाचं होतं म्हणून जाड होतं."

"मग काका, पातळ कुठलं ते सांगा. तेवढं पातळ करते."

पलीकडे शांतता. कारण तसं एकही वाक्य काकांनी लिहिलेलं नसतं.

मला यात ताईंचं म्हणणं पटतं. त्या म्हणतात, लेखकाने शीर्षक कसं दिसावं ते मला सांगू नये. ते शीर्षक आहे, एवढंच सांगावं. हा कवितेचा चरण, हे अवतरण, ही तळटीप, हा साधा परिच्छेद. नाव दिलं की बाकी रूप एकाच जागी ठरतं आणि एकाच जागी बदलतं. जुन्या पोथ्या लिहिणाऱ्यांना हे पक्कं माहीत होतं. अनेक पोथ्यांत शब्द सलग लिहिलेले असत, पण श्लोकाचा दंड आणि अध्यायाची समाप्ती तेवढी लाल शाईने. तिथे लाल म्हणजे लेखकूला आवडलेलं वाक्य नव्हे. लाल म्हणजे इथे अध्याय संपला. दिसण्यालाच असणं समजण्याचा आपल्या मनातला घोळ सुरू झाला तो बहुधा १९७४ साली, झेरॉक्सच्या पालो आल्टोमधल्या प्रयोगशाळेत. तिथे 'ब्राव्हो' नावाच्या प्रोग्रामने पडद्यावर जसं दिसेल तसंच कागदावर उमटवून दाखवलं. तो घडवणाऱ्यांपैकी चार्ल्स सिमोनी पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि १९८३ साली वर्ड आलं. जे दिसतं ते मिळतं म्हटल्यावर माणसं दिसण्याच्याच मागे लागणार. असण्याची चौकशी कोण करतो?

एका निवृत्त अधिकाऱ्यांनी मात्र ती केली. आत्मचरित्राची फाइल ताईंनी परत पाठवल्यावर ते रीतसर क्लासला गेले, शैली शिकले, आणि धर्मांतर केलेल्या माणसाच्या कडवेपणाने फाइल नव्याने केली. एकही जास्तीचा ठिपका नाही. एकही पोरका एंटर नाही. प्रत्येक परिच्छेदाला नाव. पान लावताना इनडिझाइनमध्ये शैलीच्या नावापुढे एक अधिकचं चिन्ह येतं, म्हणजे इथे कुणीतरी नियमाबाहेर हात फिरवला आहे. तसं एकही चिन्ह त्यांच्या मॅटरमध्ये निघालं नाही. ताईंनी आयुष्यात पहिल्यांदा एका लेखकाला पेढे दिले.

मग त्यांनी अनुक्रमणिकेचं बटण दाबलं. ती अकरा पानांची आली.

झालं होतं असं, की जाड-तिरपं-लाल करायची चोरी झाल्यावर साहेबांनी जे जे मनाला भिडलेलं होतं त्याला सरळ 'हेडिंग वन' देऊन टाकलं होतं. अनुक्रमणिका जिथे जिथे हेडिंग वन दिसेल तिथलं सगळं उचलून आणते, मग ते दोन शब्द असोत की दीड पान. त्यामुळे बढती डावलणाऱ्या वरिष्ठांचा समग्र समाचार, बदलीच्या आदेशाची पार्श्वभूमी, आणि धाकट्या मेव्हण्याने जमिनीच्या व्यवहारात केलेला घात हे सगळं पृष्ठांकांसह, मधल्या टिंबांच्या रांगेसह, अनुक्रमणिकेत क्रमवार हजर होतं. शाळा, लग्न, मुलं, परदेशप्रवास हा उरलेला मजकूर आत नॉर्मलमध्ये पडून होता.

ताई दुरुस्त करायला बसल्या, तेवढ्यात प्रकाशकांनी ती अकरा पानं उभ्या उभ्या वाचून काढली. म्हणाले, "हात लावू नका. अनुक्रमणिकाच छापू. पुस्तक कशाला हवंय?"